न झिजता म्हातारी झालेली स्टेपनी

मी स्टेपनी बोलतेय. गोड बोलेन अशी आशा असेल तर आत्ताच उठा. टायरच्या दुकानामागे भंगाराच्या ढिगात पडलेय, अंगाला मोठं भगदाड आहे आणि बोलण्यासारखं गोड काही उरलेलं नाही.

कारखान्यात मी आणि माझे चार भाऊ एकाच साच्यातून निघालो. तेच रबर, त्याच तारा, तीच नक्षी. एका उंच, रुंद, दणकट गाडीला आम्हाला जोडलं. भावांना रस्ता मिळाला. मला मागच्या दाराबाहेर बोल्ट आवळून टांगलं आणि वर काळं रेक्झिनचं झाकण चढवलं. झाकण एका कडेला फाटलं, तेव्हा मला पहिल्यांदा जग दिसलं. तेही मागे पडलेलं. माझ्या नावावरून माणसं किती हलकट विनोद करतात ते तुम्हाला ठाऊक असेलच. तुम्हीही केले असतील.

गाडी दोन भावांनी मिळून घेतली होती. थोरला चालवायचा, धाकटा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसायचा. कागदावर दोघांचीही नावं. डोंगरावर एक मोठा दवाखाना होता. तिथल्या नर्सेसना सकाळी गावातून वर न्यायचं, दुपारी पाळी सुटली की खाली आणायचं, हे गाडीचं काम. घाट अवघड, वळणं आंधळी. थोरल्यानं धाकट्याला घाटात गाडीचं चाक कधी हाती दिलं नाही. गावात फिरव म्हणायचा, पेट्रोलपंपावर पाठवायचा, पण घाटाच्या पायथ्याशी आला की स्वतः उतरून त्याला बाजूला सरकायला लावायचा. सगळ्या नर्सेससमोर. धाकटा मग दार असं आपटायचा की मी माझ्या लोखंडी कड्यावर हादरायची.

मग थोरला आजारी पडला आणि त्यातच गेला. धाकट्याला वाटलं, आता गाडी आपल्या हातात आली. पण दिवसकार्य उरकताच वहिनीनं किल्ली उचलली. तिला गाडी येत होती. नवऱ्यानंच शिकवली होती, घाटासकट. ते धाकट्याला माहीत नव्हतं. ज्या दिवशी त्याला ते कळलं, त्या दिवसापासून दोघांमधून विस्तव जात नव्हता.

एकाच घरात राहायचे, पण मध्ये सासूबाई बसलेल्या. “भाऊजींना सांगा, गाडीला डिझेल नाही.” “वहिनींना सांगा, रविवारी मला गाडी हवीय.” म्हातारी दोघांकडे आळीपाळीनं बघायची आणि शेवटी कानाला ऐकू येत नसल्याचं सोंग करायची. त्यांच्या घरात भांडणसुद्धा अहो-जाहो करून व्हायचं. मला विचाराल तर तसं भांडण शिव्यांपेक्षा जास्त लागतं.

रविवारी धाकटा मित्रांना घेऊन नदीकाठी, माळावर, जिथे रस्ता नाही तिथे गाडी न्यायचा. सोमवारी वहिनी चिखल धुताना दात ओठ खायची. माझ्या भावांची मात्र चैन होती. झिजत होते, पण जगत होते. एकदा चौघेही गुळगुळीत झाले आणि त्यांच्या जागी नवे आले. पुढे तेही झिजले. प्रत्येक वेळी वाटायचं, आता तरी मला खाली घेतील. पण कुणीतरी झाकणावर थाप मारायचं, “ही आहे की, राहू दे,” म्हणायचं आणि निघून जायचं. माझ्या नक्षीच्या खाचा पहिल्या दिवसासारख्या खोल होत्या. आत मात्र मी वाळत चालले होते. ऊन, वारा, धूळ टांगलेल्यालाही सोडत नाहीत. कडांना केसाएवढ्या भेगा पडत होत्या आणि त्या झाकणाखाली कुणाला दिसत नव्हत्या.

मग एका सकाळी मागच्या डाव्या टायरच्या बाजूला फुगा आला. तारा तुटल्या की टायरला तसा फुगा येतो. तो टायर संपलाच. बाकीचे तिघेही घासून गेले होते. घाटात ओल्या वळणावर गाडी सरकते म्हणून नर्सेस कुरकुर करतच होत्या. आता टाळता येण्यासारखं नव्हतं. चारही नवे घ्यायला हवे होते आणि गाडी दोघांची, म्हणून दोघांनाही दुकानात यावं लागलं. वहिनी चालवत होती, धाकटा खिडकीबाहेर बघत होता.

दुकानात शिरताच धाकट्यानं भिंतीशी लावलेल्या एका जाड, रुंद टायरवर हात ठेवला. मोठमोठे दात असलेला, अंगानं पैलवानासारखा टायर. “हे घ्यायचे.”

वहिनी म्हणाली, ते आपल्या मापाचे नाहीत. चाक पूर्ण वळवलं की आतून घासतील, स्टिअरिंग जड होईल. तिला दिवसातून दोनदा घाट चढायचा-उतरायचा होता, गाडी भरून माणसं न्यायची होती. तिला साधे हवे होते, मूळ मापाचे, वजन पेलणारे, ओल्या रस्त्याला धरून राहणारे.

टायरवाला धाकट्याकडे बघून हसला. “वहिनी, हे टायर लावले की गाडी कशी वाघासारखी दिसते बघा. तुम्ही बसा ना, चहा मागवतो. आम्ही बघतो काय ते.”

“चालवणार मी,” वहिनी म्हणाली. “वाघ तुम्ही तुमच्या स्कूटरला लावा.”

टायरवाल्याचा चेहरा पडला. धाकट्याचे कान लाल झाले. मला वाटतं, त्या दुकानात त्याला टायर नकोच होते. त्या गाडीच्या बाबतीत आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या पसंतीला किंमत आली होती, आणि पहिल्याच शब्दाला नाही मिळालं होतं. तो अडून बसला. माझ्या पसंतीचे नाहीत तर मुळीच नाहीत, अर्धी गाडी माझी आहे. वहिनीही हटेना. टायरवाल्याची दुसरी गिऱ्हाइकं ताटकळली. शेवटी तो वैतागून म्हणाला, फुग्याच्या जागी स्टेपनी चढवतो, भांडण घरी जाऊन मिटवा.

माझं झाकण निघालं. डोळे दिपले.

“ही तर कोरी करकरीत आहे,” धाकटा म्हणाला. “एकदाही खाली उतरली नाही. निष्कारण नव्याच्या मागे लागलोय.”

टायरवाल्यानं माझ्या कडेवरून अंगठा फिरवला. भेगा त्याला लागल्या. त्याचा अंगठा तिथे थांबला, मग पुढे सरकला. “चालेल काही दिवस,” तो म्हणाला. या माणसाला मी कधीही माफ करणार नाही.

वहिनीनं विचारलं, किती जुनी आहे? टायरवाला म्हणाला, गाडीबरोबरचीच दिसतेय.

“म्हणजे माझ्या लग्नाआधीचं रबर आहे हे, भाऊजी. ह्यावर मी माणसं बसवणार नाही.”

“मग मी बसवतो,” धाकटा म्हणाला.

फुग्याचं चाक दुकानातच टाकून, त्याच्या जागी मला चढवून गाडी कशीबशी घरी आली. वहिनीनं किल्ली सासूबाईंच्या उशाशी ठेवली आणि नीट टायर येईपर्यंत गाडी जागची हलायची नाही, असं बजावलं. पण दवाखान्याच्या व्यवस्थापकानं सकाळी फोन केला: गाडी आली नाही तर दुसरी लावतो. वहिनी त्याची समजूत काढत होती, तोवर धाकट्यानं किल्ली उचलली होती.

आणि मी खऱ्या रस्त्यावर उतरले. खरं सांगते, मला आनंद झाला. खडी कशी टोचते, डांबर कसं चिकटतं, वळणावर अंग कसं ताणलं जातं, सगळं पहिल्यांदा कळत होतं. धाकटाही खुशीत होता. नर्सेस आधी गप्प बसायच्या, पुढे गप्पा मारायला लागल्या. वहिनी सगळ्यांना फोन करून बसू नका म्हणून सांगत होती. जळते बिचारी, असं एकदोघी म्हणाल्या. रोज संध्याकाळी धाकटा घरात शिरताना मुद्दाम मोठ्यानं म्हणायचा, “आई, वहिनींना सांग, चालतंय की.”

त्या दुपारी ऊन मरणाचं होतं. गाडी खच्चून भरलेली, उतार लांबलचक. डांबर भाजत होतं आणि मी आतून शिजत होते. आधी माझं कातडं एका बाजूनं सुटलं आणि चाकाच्या कमानीवर थडाथडा आपटू लागलं. धाकट्यानं आवाज ऐकला, पण तो कशाचा हे त्याला कळलं नाही. मग मी फुटले. गाडीची पाठ दरीकडे फिरली. त्यानं घाबरून ब्रेक दाबला, गाडी आणखी फिरली, एका बाजूला कलली आणि नशिबानं दरीऐवजी डोंगराच्या अंगाला, गटारात जाऊन आदळली.

आतला आक्रोश मी ऐकलाय. त्यावर जास्त बोलणार नाही. जीव कुणाचा गेला नाही. सगळ्यात वयस्कर सिस्टरचा खांदा मोडला, दोघींच्या कपाळाला टाके पडले. मागच्या दारावर माझं लोखंडी कडं रिकामं होतं. लावायला दुसरं चाकच नव्हतं. रुग्णवाहिका वरून आली, नर्सेसना त्यांच्याच दवाखान्यात घेऊन गेली. धाकटा रस्त्याच्या कडेला दगडावर बसून राहिला.

वहिनी दुधाच्या टेम्पोतून आली. गाडीभोवती एक फेरी मारली, माझ्या चिंध्यांकडे पाहिलं आणि त्याच्यासमोर उभी राहिली. वाटलं, आता याच्या मुस्काटात बसणार. तोही तीच वाट बघत होता.

“ह्यांनी तुम्हाला घाटात गाडी का दिली नाही, ठाऊक आहे?”

तिनंच पुढे सांगितलं.

“त्यांना रात्री झोप लागायची नाही. म्हणायचे, त्याला काही झालं तर मी आईला काय सांगू.”

धाकट्यानं मान वर केली. “मग मला तसं सांगायचं होतं त्यानं. सगळ्यांसमोर उतरवायचा मला.”

“सांगायला हवं होतं,” वहिनी म्हणाली. तिचा आवाज जराही मऊ झाला नव्हता. “ते त्यांना आलं नाही. तुम्हालाही येत नाही आणि मलाही. या घरात सगळ्यांना फक्त दारं आपटता येतात. उठा, सिस्टरांना भेटायला जायचंय. तोंड तुम्हीच दाखवायचं.”

तो उठला. तिच्या मागे दोन पावलं ठेवून चालत गेला.

क्रेननं गाडी आधी इथे, टायरच्या दुकानाशी आणली आणि मला या ढिगावर फेकलं. पुढचं मी दुकानातल्या गप्पांतून ऐकलं: दवाखान्यानं दुसरी गाडी लावली होती. वहिनी रोज जाऊन व्यवस्थापकाच्या दारात बसायची. शेवटी प्लास्टरमधला हात गळ्यात बांधलेल्या सिस्टरच तिच्यासाठी भांडल्या, म्हणाल्या, ही चालवणार असेल तर मी पहिली बसेन. काम परत मिळालं.

गाडी ठोकठाक होऊन उभी राहिली तेव्हा दोघं पुन्हा दुकानात आली. या खेपेला धाकट्यानं कशालाच हात लावला नाही. वहिनीनं मूळ मापाचे, वजन पेलणारे दोन प्रकार बाजूला काढायला लावले, प्रत्येकावरची बनल्याची तारीख टायरवाल्याकडून मोठ्यानं वाचून घेतली. एक ओल्या रस्त्याला चांगला, दुसऱ्याच्या कडा जाड, दगडधोंड्यांना टिकणारा. ती बराच वेळ बघत राहिली. मग वळून म्हणाली, “भाऊजी, ह्यातले कुठले?”

सासूबाई मध्ये नव्हत्या. थेट विचारलं. त्यानं दोन्हींकडे एकदा नीट बघितलं.

“ओल्याला चांगले ते. माळावर आता कोण जातंय.”

“बरं,” वहिनी म्हणाली. बस. वर टायरवाल्याला सुनावलं, “आणि चार नाही, पाच.”

पाचवी मागच्या दारावर चढली. नवीकोरी, चकचकीत. निघताना धाकटा खाली वाकला आणि एकेका टायरची हवा तपासत गेला. चारही झाले. मग तो मागच्या दाराशी गेला, स्टेपनीचं झाकण काढलं आणि तिचीही हवा बघितली. कडेवरून सावकाश हात फिरवला, अगदी भेग शोधल्यासारखा.

माझ्या जन्मात माझी हवा कुणी पाहिली नव्हती.

तुम्हाला वाटेल, ते बघून माझं मन भरून आलं असेल. नाही आलं. त्या पोरीचा मला हेवा वाटला, राग आला, अजून येतो. थोड्या वेळात भंगाराचा ट्रक येईल, माझे तुकडे करतील. मला त्याचं काही नाही. फक्त जाताना माझ्या जवळून गेलात तर माझ्या नक्षीचं कौतुक करू नका. ती आजही कोरी आहे, आणि तेवढंच बघून सगळ्यांनी मला टांगून ठेवलं. घरी जा, तुमच्या गाडीच्या मागे जा, झाकण काढा. तिथे जी असेल तिच्यावर एकदा हात फिरवा. ती काही बोलणार नाही. मी तरी कुठे बोलले होते?