हरभरे आणि मुका

आमच्या घरात गहू नाही, डाळ नाही, शेंगदाणा नाही, तीळ नाही. माझ्या सात वर्षांच्या लेकीला यातलं काहीच चालत नाही. तिला आम्ही खारूताई म्हणतो. हे नाव ठेवलं तेव्हा तिला दातही आले नव्हते. पुढे दाणेच बंद होणार आहेत, हे तेव्हा कुणाला ठाऊक?

गहू आणि डाळी गेल्या, तसं पोरीचं पोट अडलं. मग डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून मी सालासकट नाशपाती, गाजर, भोपळा, पालेभाज्या यांच्या मागे लागले. चिरा, वाफवा, वाटी घेऊन तिच्यामागे घरभर फिरा. आता तिचं पोट घड्याळासारखं चालतं. सकाळी ती संडासातून मोठ्या ऐटीत बाहेर येते आणि मी आत जाऊन बसते. बसूनच राहते.

कारण मी खाते पांढरा भात, तोही उभ्याउभ्या. रोज चिरून चिरून भोपळ्याचं नाव काढलं तरी मला मळमळतं. संडासात रक्त दिसलं तेव्हा मात्र घाबरले.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि विचारलं, “मुलीला एवढं सगळं करून घालता. तुम्ही काय खाता?”

“उरलेलं.”

“आणि कडधान्यं? कोंड्याचा ब्रेड?”

“ते घरात येत नाही.”

“अहो, ॲलर्जी तिला आहे, तुम्हाला नाही. असंच चाललं तर ऑपरेशनची पाळी येईल. घरात नको तर बाहेर खा, पण रोज खा.”

बाहेर खा! सांगायला काय जातं? मागे सासूबाईंनी शेंगदाणे खाल्ले आणि लाडाने नातीचा मुका घेतला. पोरीचा गाल सुजला, ओठ सुजले, श्वास लागला. इंजेक्शन टोचून तिला उचलून दवाखान्यात पळालो. तेव्हापासून नियम आहे: तिला न चालणारं ज्याने खाल्लं, त्याने त्या दिवशी मुका घ्यायचा नाही. सासूबाई आता लांबूनच हात हलवतात. तिचे बाबा ट्रक चालवतात, मिळेल तिथे जेवतात; त्यांनी तर आशाच सोडली. उरले मी एकटी. दिवसभर लाँड्रीत चादरींना इस्त्री करून पायांचे तुकडे पडतात, तरी त्या एका मुक्यासाठी मी जिना चढते. तोही सोडायचा म्हटल्यावर मला डॉक्टरीणबाईंचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाँड्रीतल्या मावशींनी आपला डबा माझ्यापुढे सरकवला. आत उकडलेले हरभरे होते.

“खा गं. चेहरा बघ, न इस्त्री केलेल्या अभ्र्यासारखा झालाय.”

खाल्ले. चावताना इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

“तिखट झालंय का?” मावशींनी विचारलं.

निघताना साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा दात घासले, कपडे बदलले. जिना चढताना मनात आलं, एवढं धुतल्यावर काय होणार आहे? आणि कळणार तरी कुणाला?

दार उघडलं. खारूताई गाल पुढे करून धावत आली आणि मी मागे सरकले.

ती जागच्या जागी थांबली. “काय खाल्लंस?”

खोटं ओठांवर आलं होतं. पण याच नियमावर तिचा जीव आहे. “हरभरे.”

“मुद्दाम?”

“हो. माझं पोट अडलंय गं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खायलाच हवेत.”

“रोज?”

“रोज.”

तिने पुढे केलेला गाल मागे घेतला. आता रडणार, असं वाटलं. माझ्यात तिची समजूत काढायचंही त्राण नव्हतं.

“तुला शी होत नाही?” तिने विचारलं.

“नाही होत.”

“मग खायचं, बाई. नखरे नाही करायचे.” वाटी घेऊन फिरतानाचा माझाच आवाज. “मी नाही का भोपळा खात?”

मग ती स्टुलावर चढून बसली आणि मोजा घातलेला पाय माझ्यापुढे केला. “इथे. तोंड नाही लावायचं. फक्त गाल.”

मी दारातच खाली बसले आणि गाल टेकवला. शाळेतून आलेला मोजा, चांगलाच वास मारत होता. मी तशीच बसून राहिले.

“पुरे आता,” ती म्हणाली. “दुसरा पाय उद्या.”