देव पाण्यात ठेवलेले घंगाळ

मी एक जुने पितळी घंगाळ आहे, मित्रांनो. मांडवीजवळच्या एका कंसाऱ्याने मला ठोकून घडवले आणि अहल्याबाईंच्या लग्नात आंदण म्हणून मी त्यांच्याबरोबर बडोद्याच्या समा भागात राहायला आले. अंघोळीचे पाणी साठवायचे, सणासुदीला चिंचेने घासून घेऊन मिरवायचे, असे माझे दिवस मजेत चालले होते.

एका उन्हाळ्यात सोसायटीत काविळीची साथ आली. अहल्याबाईंची मंदा आणि शेजारच्या कौशल्याबाईंचा मुकुंद, दोघेही दवाखान्यात. तेव्हा दोघींनी देव पाण्यात ठेवले. मूल बरे होईपर्यंत देवांना बाहेर काढायचे नाही, असा हा रिवाज. कौशल्याबाईंकडे मोठे भांडे नव्हते, म्हणून दोन्ही घरांचे बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा माझ्यातच बसले. मला केवढा अभिमान वाटला!

मुकुंद घरी आला. मंदा आली नाही.

कौशल्याबाई आपले देव न्यायला आल्या. "मागच्या जन्मीचं काही असेल गं," त्या रडत म्हणाल्या.

"एवढ्याशा पोरीचं?" अहल्याबाईंनी विचारले. "दोघींचे देव एकाच पाण्यात होते ना? मग माझ्या मंदाला वाचवता येत नव्हतं, की वाचवायचंच नव्हतं?"

कौशल्याबाईंनी आपले देव पदरात घेतले. ते पाणी माझ्याच पोटात होते आणि त्यात काहीही घडलेले मी पाहिले नव्हते.

पुढे रस्ता खणला, तेव्हा खणणारा म्हणाला, "बेन, गटरनुं पाणी नळमां भळे छे." गटाराचे पाणी आमच्या नळात मिसळत होते! अहल्याबाई तडक घरी आल्या. त्यांनी आपले देव पुसून कपाटात ठेवले, मला आतून कल्हई करून आणली आणि गॅसवर चढवले. तेव्हापासून मी शेजारपाजारचेही पिण्याचे पाणी उकळून देते. बूड काळे ठिक्कर पडले. नातेवाईक अहल्याबाईंना नास्तिक म्हणून नाके मुरडतात. मुरडू देत! इतके कामाचे मी पूर्वी कधीच नव्हते.

परवा कौशल्याबाई देव घेऊन धावत आल्या. त्यांची धाकटी तापाने फणफणली होती. "घंगाळ दे गं, लवकर!"

"भांडं मोकळं नाही, कौशल्या. पाणी उकळतंय. चल, आधी डॉक्टरकडे."

देव ओट्यावरच राहिले आणि दोघी पोरीला घेऊन रिक्षात बसल्या.

मित्रांनो, देव मानायचा की नाही, ते तुमचे तुम्ही ठरवा. मला चकचकीत ठेवा, असेही मी म्हणणार नाही. पण कुणाचे लेकरू आजारी असेल, तर मला पूजेला मांडू नका, विस्तवावर ठेवा.