एका पायावर सिंधुबाई

पतीचं आयुष्य पत्नीच्या पुण्याईवर तरलेलं असतं, यावर रंगनाथरावांची अढळ श्रद्धा होती. त्या पुण्याईसाठी सिंधुबाई पहाटे उठत. रंगनाथराव चहा आला की उठत.

२००२ सालच्या थंडीत एका पहाटे मात्र ते पाणी प्यायला उठले आणि स्वयंपाकघराच्या दारातच थिजले. सिंधुबाई ओट्याला बोट टेकवून एका पायावर उभ्या! नजर समोरच्या कॅलेंडरवरच्या सप्तशृंगीवर खिळलेली, ओठ पुटपुटताहेत. मग त्यांनी टाचा, पाठ, डोकं भिंतीला लावलं, देवळातल्या मूर्तीसारख्या ताठ राहिल्या, आणि पुन्हा पाय उचलला.

रंगनाथराव पाणी न पिताच मागे फिरले. छातीत कळ आली म्हणून गेल्या आठवड्यात त्यांच्या तपासण्या झाल्या होत्या. "गॅस आहे," डॉक्टर हसत म्हणाले होते. आणि काल मुलगा शेखर आईला घेऊन गंगापूर रोडच्या दवाखान्यात जाऊन आला, तेव्हापासून दोघंही गप्प. म्हणजे खरं काय ते घरच्यांना सांगितलं, आणि हिनं व्रत धरलं!

त्यांनी शेजारच्या लंकाबाईंना कुंपणावरून हळूच विचारलं.

"एका पायावर? अगंबाई!" लंकाबाईंनी तोंडाला पदर लावला. "चांदवडच्या आमच्या आत्यानं धरलं होतं असं, यजमानांसाठी."

"मग?"

"यजमान गेले. पण आत्याचं फार नाव झालं हो."

रंगनाथरावांनी तंबाखूची डबी कचऱ्यात टाकली. सातपूरच्या कारखान्यात जन्मभर दुसऱ्यांवर ओरडलेल्या या सुपरवायझरनं त्या दुपारी स्वतःची कपबशी स्वतः विसळली. सिंधुबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. तेव्हा त्यांचा धीर सुटला.

"अगं, ते एका पायावरचं... किती दिवस चालायचं?"

"जन्मभर."

"कुणाच्या? माझ्या?"

"माझ्या. फिजिओथेरपीच्या पल्लवी मॅडमनी सांगितलंय. पाळी गेली की बायकांची हाडं ठिसूळ होतात, पाठ वाकते, तोल जातो. पुन्हा पडले तर खुबा मोडेल म्हणाल्या. म्हणून आकडे मोजत उभं राहायचं."

"आणि मला काय झालंय?"

"गॅस. रात्री पावटे खाऊ नका."

रंगनाथरावांचा जीव भांड्यात पडला. डबी कचऱ्यातून काढावी म्हणून ते उठलेही. मग दारात थबकले.

"पुन्हा म्हणजे? तू पडलीस कधी?"

"दिवाळीत. न्हाणीघरात."

"आणि मी कुठे होतो?"

"बाहेर पेपर वाचत होतात. म्हणालात, काय पडलं गं, जरा बघ."