हाताचा पट्टा

लेकीने आपल्या प्रयोगशाळेत आईची बाही कोपरापर्यंत सारली आणि कोडाच्या पांढऱ्या डागाच्या कडेला काचेची छोटी वाटी बसवली. यंत्र घुरघुरलं. वाटीतली हवा ओढली गेली की तासाभरात कातडीवर बारीक फोड उठतात; त्यांतलं पाणी सुईने काढायचं आणि त्यातल्या पेशी जगवायच्या. तोवर हात हलता कामा नये. हात बांधायचा पट्टा गेल्या वर्षीच कुठेतरी हरवला होता. नेहमीप्रमाणे ती स्टूल ओढून आईचं मनगट धरून बसली.

"हे डाग जाऊन पुन्हा तिथेच का गं येतात?"

"रंगाच्या पेशींना मारणाऱ्या काही पेशी तिथेच मुक्काम ठोकतात. रंग परतायला लागला की निरोप धाडतात. मग रक्तातून बाकीच्या धावून येतात."

"म्हणजे तुझी आत्याच! स्वतः खुर्चीतून हलायचं नाही आणि घरभर भांडणं लावायची."

लेक हसली. मनगट सोडलं नाही.

"निरोप अडवता येत नाही?"

"येतो. औषध थांबलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न."

पाणी काढून झालं. आईने बाही खाली घेतली, पर्स खांद्याला अडकवली आणि दाराशी जराशी रेंगाळली.

"निघू मग?"

"हं." लेकीचे डोळे सूक्ष्मदर्शकाला लागलेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचं हृदय बंद पडलं.

"सुटली बिचारी त्या डागांतून," आत्या भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिली. लेक पाणी आणायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

ती कामावर परतली तेव्हा उबपेटीत आईच्या पेशी जिवंत होत्या, घोळक्याघोळक्याने, एकमेकींना बिलगून. ज्यांनी आईचा रंग खाल्ला, त्याच तेवढ्या उरल्या होत्या. तिने त्यांना ताजं खाद्य घातलं. रोज घालत राहिली.

एका दुपारी खण आवरताना तंत्रज्ञ बाईंनी टेबलावर कापडी पट्टा ठेवला.

"हा कुठे सापडला?"

"हरवला कुठे होता, मॅडम? तुमच्या आईंनीच लपवायला लावला होता." बाई खणातच बघत बोलल्या. "म्हणाल्या, रंग कुणाला हवाय आता? आला तर मीच मला ओळखायची नाही. पण तेवढा एक तास पोरगी हात धरून बसते."

बाई गेल्या. लेकीने पट्टा आपल्याच मनगटाभोवती गुंडाळून पाहिला, सोडला. मग आईच्या पेशींची बशी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

घोळके विखरले होते. पेशी सुट्या, आक्रसलेल्या, आपापल्या जागी पडून होत्या. आता खाद्य घालून उपयोग नव्हता. हे तिच्याइतकं नीट कुणाला ठाऊक असणार?

तिने डोळे वर घेतले. शेजारचं रिकामं स्टूल पायाने जवळ ओढलं.

"बस ना जरा, आई," ती म्हणाली.