कुजका खडक

वच्छलेनं विहिरीच्या पूर्वेच्या कडेतून एक गोल दगड उपटला आणि तळहातात दाबला. कांद्याची सालं निघावीत तसे त्याचे पापुद्रे सुटले. आतून तो तांबूस होता, ओलसरही. तिनं घाईनं हात पदराला पुसला आणि उठून पुन्हा कडेनं फिरू लागली. हल्ली तिचा पाय एका जागी ठरतच नव्हता.

खाली तिचा नवरा कुंडलिक पश्चिमेच्या काळ्या पाषाणावर पहार मारत होता. बहात्तरच्या दुष्काळात मोहोळकडच्या त्यांच्या गावातल्या विहिरी आटल्या, तेव्हा तिच्या सासऱ्यांनी, आबासाहेबांनी, रानात ही नवी विहीर काढायला घेतली. पूर्वेची बाजू ढासळेल, तिकडं खणू नका, असं वच्छलेनंच सांगितलं होतं. लग्नाआधी ती सोलापूरच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकलेली, म्हणून आबासाहेबांनी ऐकलं.

उरलेलं तिनं सांगितलं नव्हतं. दगड उगीच कुजत नाही. पावसाचं पाणी हवेतला वायू घेऊन किंचित आंबट होतं, फटीफटीतून झिरपतं, दगडातलं लोखंड गंजवतं, टणक खडकाची चिकणमाती करतं. वरची हातभर काळी जमीन अशीच झालेली, हजारो वर्षांत. जिथं खडक इतका कुजला, तिथून पाणी वाहत आलं होतं. अजूनही वाहत असेल. पण हे बोलली असती तर कुंडलिक त्याच घडीला त्या कडेखाली जाऊन उभा राहिला असता.

दुपारी शेजारच्या सोनाबाई रिकामी घागर घेऊन आल्या.

"लागलं का गं पानी?"

"न्हाय अजून."

"सून वली बाळंतीन हाय. नदीतला झरा बी आटला. तिला प्यायापुरतं तरी..."

वच्छलेनं विहिरीलगतच्या घरात जाऊन रांजणात तांब्या घातला. तो तळाला घासला. सोनाबाईंना पाणी देऊन ती सरळ विहिरीवर आबासाहेबांसमोर उभी राहिली.

"मामंजी, पानी पूर्वंला हाय."

"तिकडं तर तूच नगं म्हनलीस."

"ढासळंल म्हनून. पन पानी तिकडंच हाय. मला पयल्यापासनं ठावं हुतं."

कुंडलिक वर आला होता. त्यानं पहार खाली टाकली.

"लोकांच्या घशाला कोरड पडली, अन् तू गप बसलीस?"

"तुमी लगीच उतरला असता."

"उतरलोच असतो की!"

"म्हनूनच."

तो पाठ फिरवून चालू लागला.

कड वरून मागं तासून उतार द्यायचा, असं आबासाहेबांनी ठरवलं. पण आधी वरची काळी माती काढून घ्या म्हणाले. ती पुन्हा तयार व्हायला आपले जन्म पुरायचे नाहीत. बायकांनी ती पाट्यांनी मुरमाड पट्टीत नेऊन टाकली. कुंडलिक वच्छलेची पाटी भरायचा, तिच्या डोक्यावर चढवायचा आणि दुसरीकडं बघायचा.

उतार तासून झाला तेव्हा आबासाहेबांनी तिला हाक मारली.

"पोरी, आता उतरावं का?"

ती कडेकडे बघत राहिली. दगड कसा कुजतो ते पुस्तकात होतं. कुजलेला दगड किती वेळ उभा राहतो ते नव्हतं.

"ठावं न्हाय, मामंजी."

कुंडलिकनं एवढ्या दिवसांत प्रथमच तिच्याकडं नीट पाहिलं.

"मग तू हितंच थांब. कडंवर ध्यान ठिव. म्हनशील तवा वर येतो."

तो उतरला. वच्छला समोरच्या काठावर पालथी पडून कड बघत राहिली. पहारीचा आवाज आधी दबका होता, मग चिखलात पाय रुतावा तसा येऊ लागला.

"पानी!" खालून कुंडलिक ओरडला.

माणसं धावली, काठावर ओणवी झाली. सोनाबाईंनी तिचा खांदा हलवला.

"अगं बघ की! धार लागली!"

"व्हय," वच्छला म्हणाली. तिची नजर कडेवर होती. वरून चिमूटभर मुरूम घरंगळला. मग थोडा आणखी.

"वर या."

"थांब जरा, अजून मोकळी करतो—"

"वर या म्हनते न्हवं!"

माणसं काठावरून मागं सरली. कुंडलिकनं पहार तिथंच सोडली आणि तो चढू लागला. त्याचा ओला हात काठावर आला तसं तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं, आणि मग पहिल्यांदा खाली पाणी पाहिलं.

कड जागची हलली नव्हती. तो तिकडं एकदा बघून तिच्याशेजारी बसला.