घरासाठी एक स्वस्तातली बंदूक

यतीन दांडेकर टोस्टर घ्यायचा झाला तरी आधी तीन दुकानं पालथी घालायचा, इंटरनेटवरचे लोकांचे अभिप्राय वाचायचा, आणि मग चौथ्याच दुकानातून पहिल्यापेक्षा दोन पौंड महाग टोस्टर घेऊन यायचा. माणूस मूळचा पुण्याचा, त्यातून लंडनच्या एका बँकेत सॉफ्टवेअर तपासण्याच्या नोकरीत. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायचा पगार मिळाल्यावर आणखी काय होणार? तेव्हा घरात बंदूक घ्यायची असं त्याने ठरवलं आणि त्याचीही साग्रसंगीत चौकशी सुरू केली, यात नवल काही नव्हतं. नवल होतं ते वेगळंच. टोस्टर घेताना त्याला जेवढा हुरूप यायचा तेवढाही या वेळी आला नाही. हुरूप नाही, भीती नाही, काहीच नाही. गेल्या फेब्रुवारीपासून त्याला काही वाटेनासंच झालं होतं.

फेब्रुवारीत झालं ते असं. शनिवार होता, दुपारची वेळ. लंडनच्या हॅरो उपनगरात येऊन नऊ वर्षं झाली तरी शनिवार-रविवारी वरणभात पोटात गेला की यतीनला आडवं व्हायला लागायचं. बेडरूमचे पडदे ओढून तो आणि त्याची बायको मनीषा निवांत झोपलेले होते. गाडी गॅरेजला दिलेली. भर दुपारी पडदे बंद आणि दारात गाडी नाही, म्हणजे घरात कुणी नाही, असा त्या देशातल्या कुणाचाही समज झाला असता. चोरांचाही तोच झाला. आपल्या माणसांच्या घरात सोनं असतं हे तिकडच्या चोरांना चांगलं ठाऊक असतं, पण आपली माणसं दुपारी झोपतात हे त्यांना कोण सांगणार? बेडरूमचं दार उघडल्यावर त्या दोघा चोरांचीही तंतरली असणार. एकाच्या हातात मोठा स्क्रूड्रायव्हर होता. त्याने तो मनीषाच्या गळ्याजवळ धरला आणि एकच शब्द बोलला, "गोल्ड."

यतीन पलंगाजवळ उभा होता, अंगावरचं पांघरूण हातात धरून. त्याला कुणी विचारलंही नव्हतं. तो म्हणाला, "इट्स इन द राइस, सर."

मनीषाच्या आईच्या पाटल्या, तोडे, लग्नातला हार, सगळं स्वयंपाकघरात तांदळाच्या मोठ्या डब्यात तळाशी ठेवलेलं होतं. एकजण मनीषाला घेऊन खाली गेला. दुसरा यतीनजवळ थांबला. यतीनने खाली काय झालं ते पाहिलं नाही, त्या माणसाचं तोंडही पाहिलं नाही. तो गालिच्याकडे बघत राहिला. नंतर मनीषा एकटीच वर आली. तिच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं.

पोलीस आले, सौजन्याने वागले, तक्रारीचा नंबर देऊन गेले. सोनं गेलं याचं मनीषाला काय वाटलं ते तिने सांगितलं नाही आणि यतीनने विचारलं नाही. तिचं काही चुकत नव्हतं. चष्म्याच्या दुकानातली तिची नोकरी चालू होती, डबा भरत होती, मराठी मंडळात कुणी गळ्याकडे बघून विचारलं तर "घरी काढून ठेवलंय" म्हणत होती. पण त्या 'सर'बद्दल ती अवाक्षर बोलली नाही. यतीनने आपल्या मनाशी पक्कं धरून ठेवलं, की ती बोलत नाही कारण बोलण्यासारखं काही उरलेलंच नाही. ज्याने चोराला सर म्हटलं त्या नवऱ्याशी बायकोने काय बोलायचं? आणि मग त्याच्या डोक्यात बंदूक आली. घरात बंदूक असली की आपण तो माणूस राहणार नाही, एवढं साधं गणित होतं.

इंग्लंडात बंदूक घेणं म्हणजे काय दिव्य असतं, याची त्याला कल्पना नव्हती. पिस्तूल तर तिथे सामान्य माणसाला मिळतच नाही, ते कायद्याने कधीच बंद झालेलं. राहिली शॉटगन. मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीने शेवटच्या स्टेशनपर्यंत जाऊन, पुढे बस धरून तो एका खेडेवजा गावातल्या दुकानात गेला. दुकान विल्क्स नावाच्या म्हाताऱ्याचं. भिंतीवर बंदुका ओळीने उभ्या होत्या. त्यातल्या काहींच्या किमतीत यतीनची गाडी आली असती.

"जुनी चालेल," यतीन म्हणाला. "सगळ्यात स्वस्त कुठली?"

विल्क्सने कोपऱ्यातली एक काढून दिली. रशियन बनावटीची, दोन नळ्यांची, दस्त्यावर ओरखडे पडलेली. "दिसायला दांडगट आहे, पण नातवंडांनाही पुरेल," तो म्हणाला. यतीनने ती हातात घेतली. चांगलीच जड होती. त्याने नळी बघितली, चाप बघितला, आणि गिऱ्हाईक म्हणून विचारायचे ते सगळे प्रश्न विचारले. सुटे भाग मिळतात का, दुरुस्ती कोण करतं, काडतुसं कुठली लागतात. विल्क्स खूश झाला.

"आणि कशासाठी हवी आहे?" त्याने विचारलं.

"घरासाठी," यतीन म्हणाला. "कुणी आत शिरलं तर."

विल्क्सने त्याच्या हातातून बंदूक अलगद काढून घेतली आणि जागेवर ठेवून दिली.

"हे मी ऐकलंच नाही," तो म्हणाला. "आणि पोलिसांपुढे हे बोलाल तर तुमचा अर्ज तिथल्या तिथे टोपलीत जाईल. या देशात माणसांसाठी बंदूक मिळत नाही, साहेब. कबुतरांसाठी मिळते. तबकड्यांसाठी मिळते. तुम्ही नेमबाजी करता का?"

"करीन," यतीन म्हणाला.

आणि खरोखरच करायला लागला. रविवारी सकाळी लोक देवळात जातात, चर्चमध्ये जातात, दांडेकर गावाबाहेरच्या एका शेतात जाऊन मातीच्या तबकड्या फोडायला, म्हणजे क्ले शूटिंग करायला लागले. यंत्रातून तबकडी हवेत उडायची, शिकवणाऱ्याची उसनी बंदूक यतीनच्या खांद्याला, आणि तबकडीचा चुरा व्हायचा. पहिल्याच महिन्यात त्याने तिथल्या जुन्या खोडांना मागे टाकलं. "तुमच्या अंगात रक्त आहे की बर्फ?" शिकवणाऱ्याने कौतुकाने विचारलं. बाकीचे चुकले की चरफडायचे, जिंकले की आरडाओरडा करायचे. यतीन नुसता पुढचं काडतूस भरायचा. घरी येऊन तो आंघोळ करायचा आणि ताटात पडेल ते गिळायचा. त्यात मीठ आहे की नाही हे त्याला सांगता आलं नसतं. एकदा मनीषाने मुद्दाम बिनमिठाची आमटी वाढली. त्याने दोन वाट्या संपवल्या. मनीषाने त्याच्याकडे पाहिलं आणि उरलेली आमटी सिंकमध्ये ओतून टाकली.

सप्टेंबरात बंदुकीच्या परवान्याचा अर्ज पोलिसांकडे गेला. विल्क्सने ती रशियन बंदूक दांडेकरांच्या नावाने बाजूला ठेवली. बंदूक ठेवायला लोखंडी कपाट लागतं, ते यतीनने जिन्याखालच्या फडताळात भिंतीला बोल्ट मारून बसवलं. मनीषाने ड्रिलची धूळ झाडली.

"आता बाई येतील पोलिसांच्या, घर बघायला," यतीन तिला म्हणाला. "तुलाही विचारतील. तू फक्त म्हणायचं, ही लव्ह्ज क्ले शूटिंग. बस."

"बरं," मनीषा म्हणाली.

बाई आल्या त्या नेमक्या दसऱ्याला. यतीनच्या ते लक्षातही नव्हतं. गणपतीतही त्या वर्षी मनीषाने मूर्ती आणली नव्हती, तेव्हा दसरा कोण धरतं? पार्सन्सबाई पन्नाशीच्या, पायात सपाट बूट. ते त्यांनी कुणी न सांगता दाराशी काढले. मनीषाने चहा टाकला. दिवाणखान्यात यतीनची परीक्षा सुरू झाली आणि तो पठ्ठ्या घडाघडा उत्तरं देत गेला. कुठल्या मैदानावर, किती वेळा, कुणाकडे शिकता, काडतुसं कुठे ठेवणार, चावी कुणाकडे राहणार. एकही शब्द इकडचा तिकडे नाही. पार्सन्सबाईंनी मान डोलावली.

"छान तयारी आहे तुमची," त्या म्हणाल्या. "कपाट दाखवता?"

यतीनने जिन्याखालचं दार उघडलं. लोखंडी कपाटाच्या करड्या दारावर हळदकुंकवाची ठसठशीत बोटं ओढलेली होती. कडीत झेंडूचं फूल खोचलेलं. खाली जमिनीवर अक्षता, आणि त्यांच्याजवळ कात्री, सुरी, यतीनचा लॅपटॉप आणि गाडीची किल्ली. प्रत्येकाला कुंकू लावलेलं.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसतं कुतूहल होतं.

पाठ केलेल्या प्रश्नांत हा प्रश्न नव्हता. पण याचं उत्तर यतीनला पाठ करावं लागलं नव्हतं. पुण्याच्या घरी लहानपणी दर वर्षी त्याला हेच विचारलं जायचं आणि तो बिनचूक सांगायचा. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्या तोंडून आपणहून वाक्यं बाहेर पडली.

"आज आमचा दसरा," तो म्हणाला. "आज आम्ही शस्त्रांची पूजा करतो. अवजारांची, हत्यारांची. जे आपल्याला पोसतं आणि जे आपलं रक्षण करतं, त्याला आज नमस्कार करायचा."

"रक्षण," पार्सन्सबाई म्हणाल्या. "कुणापासून, मिस्टर दांडेकर?"

 यतीन एकदम तबकड्यांबद्दल बोलायला लागला. तबकडी डावीकडून येते तेव्हा नळी किती पुढे धरावी लागते, हे त्याने सविस्तर सांगितलं. पार्सन्सबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या वळल्या. मनीषा चहाचा ट्रे घेऊन मागे उभी होती.

"फेब्रुवारीत तुमच्याकडे चोरी झाली. आमच्याकडे नोंद आहे," त्या मनीषाला म्हणाल्या. "ही बंदूक त्यासाठी हवी आहे का?"

आता मनीषा क्ले शूटिंग म्हणणार. यतीनने तिच्याकडे पाहिलं.

"त्याला वाटतं त्यासाठी हवी आहे," मनीषा इंग्रजीत म्हणाली. ती सावकाश बोलत होती, दुकानात म्हाताऱ्या गिऱ्हाइकांशी बोलायची तसं. "पण तो झोपत नाही. त्याला जेवण कळत नाही. तो एकदाही रडला नाही, एकदाही चिडला नाही. ते चोर परत येणार नाहीत, नेण्यासारखं काही उरलंच नाही. मग घरात बंदूक आली तर ती कुणावर चालेल? घरात आम्ही दोघंच आहोत. आणि माझ्यावर तो कधी हात उगारणार नाही, हे मला माहीत आहे."

तिने ट्रे जिन्याच्या पायरीवर ठेवला.

पार्सन्सबाईंनी पेनाला टोपण लावलं. चहा मात्र त्यांनी उभ्याउभ्याच पूर्ण प्यायला. अर्ज आपण पुढे पाठवणार नाही, यतीनने आधी डॉक्टरकडे जावं, आणि ही काही शिक्षा नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. डॉक्टरकडे या आठवड्यातच जा, असं मनीषाला वेगळं सांगून, बूट घालून त्या गेल्या.

"मुद्दाम केलंस?" यतीनने विचारलं.

"नाही. सकाळी वाटलं, निदान एवढं तरी करावं. या वर्षी घरात काहीच झालं नाही. दरवर्षी सगळ्या हत्यारांना लावते, तसं यालाही लावलं." ती थांबली. "नंतर आठवलं की बाई येणारेत. पुसायला फडकं घेतलं. आणि नाही पुसलं."

"मी असं काही करणार नव्हतो, मनीषा."

"तुला माहीत होतं का, करणार नव्हतास ते?"

 ती म्हणाली ते यतीनने कधी मनात आणलं नव्हतं. पण ती ते बोलली तेव्हा त्याला धक्काही बसला नव्हता. त्या रशियन बंदुकीचा चाप बघताना आपल्याला काहीच वाटलं नव्हतं, हे त्याला आठवलं. तो जिन्यावर बसला.

"मी त्याला सर म्हणालो," तो म्हणाला.

"ऐकलं मी."

"तू बोलली नाहीस कधी."

"काय बोलू? तू सर म्हणालास. मी खाली काय केलं, सांगू?" मनीषा त्याच्या शेजारी बसली. "त्याने डबा ओढला, तेव्हा मी म्हटलं, वन मिनिट. आणि जमिनीवर पेपर पसरला. तांदूळ सांडू नयेत म्हणून. तो माणूस स्क्रूड्रायव्हर घेऊन उभा, आणि मी पेपरच्या घड्या नीट करतेय. मग मंगळसूत्र मीच काढून दिलं, त्याने मागितलंसुद्धा नव्हतं. आणि तो निघाला तेव्हा मी त्याला थँक यू म्हटलं, यतीन. थँक यू!"

बोलता बोलता तिला हसू फुटलं, आणि हसतानाच ती रडायला लागली. यतीनने तिचा दंड धरला. बाहेर कुणाच्या तरी गाडीचं दार वाजलं तसं त्याने दचकून घराच्या दाराकडे पाहिलं आणि दंड आणखी गच्च धरला.

"मनीषा," तो म्हणाला, "मला भीती वाटतेय गं. भयंकर भीती वाटतेय."

"वाटू दे," ती म्हणाली, आणि तिने त्याचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं.