तिची चिठ्ठी माझ्या पोटात होती

"दुभाषी मिळेपर्यंत चहात साखर घालणार नाही," असा नेम वहिनींनी केला, तेव्हा ज्या चिठ्ठीसाठी घर पालथं घातलं जात होतं, ती माझ्याच पोटात होती. मी एक शब्दकोश बोलतोय. हंगेरियनमधून जर्मनमध्ये नेणारा, शास्त्रातल्या शब्दांचा, चार बोटं जाड.

वहिनींचे यजमान म्हणजे माझे मालक. ते हंगेरीत मधमाश्यांच्या रोगांवर संशोधन करतात. बोटाला थुंकी लावून पानं उलटायची त्यांची खोड. वीस वर्षांत माझे कोपरे काळे पडले, पण मी कुरकुरलो नाही. त्यांच्या आणि जर्मनच्या मध्ये मी एकटाच होतो ना!

मग पत्र आलं. चार जर्मन शास्त्रज्ञ काम पाहायला येणार होते. त्यांना पटलं तर काम चालू, नाहीतर माश्यांच्या पेट्या उचलायच्या. समोरासमोर बोलताना पानं कुठे उलटत बसणार? बोलता दुभाषी हवा होता.

पहिला आला तो कोर्टातला. त्याने नमुन्याला एक पान लिहून दिलं. मालकांनी ते माझ्याशी ताडून पाहिलं.

"अगं, याने माझ्या अळ्यांना आरोपी करून टाकलंय!"

मी मनातून खूश.

दुसरा सहलींबरोबर फिरणारा. "अहो, पण बोलतो किती गोड," वहिनी म्हणाल्या.

"गोडच बोलतो. रोगाचं नाव आलं की 'माशीला जरा बरं नाही' म्हणून पुढे सटकतो."

मी आणखी खूश.

तेवढ्यात बसथांब्यावर एका अनोळखी बाईंनी वहिनींना ओळखीतल्या एकीचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. शास्त्रातलंच दुभाषीपण करणारी कुणी होती म्हणे. वहिनींनी चिठ्ठी माझ्यात खोचली आणि विसरल्या. डबे, खिसे, गादी, सगळं शोधून झालं. मलाही दोनदा झटकलं. मी चिठ्ठी शिवणीत आवळून धरली. येऊ दे ना ती, मग मला कोण विचारणार!

तेव्हाचा तो नेम. पहिला घोट घेताना वहिनींचा चेहरा कडू व्हायचा.

"तुझ्या साखरेने दुभाषी येणार आहे का?"

"साखरेने नाही हो. पण घोटागणिक आठवण राहते, अजून शोधायचंय."

नवव्या दिवशी माझी धूळ पुसताना त्या हळूच म्हणाल्या, "त्यांच्या सगळ्यात जवळचा तूच. तूच बघ बाबा काहीतरी."

माझी शिवण सैल पडली. चिठ्ठी त्यांच्या पायाशी.

फोन गेला आणि ती दुभाषी आली. मला चाळून म्हणाली, "यातले निम्मे शब्द आता कुणी बोलत नाही." पुठ्ठ्यापर्यंत जळालो मी!

"जपून हं," मालक म्हणाले. "वीस वर्षं त्यानेच मला सांभाळलंय."

तिने आधी रोगट पोळं मागितलं, हुंगलं, अळी काडीने ओढून पाहिली. मगच माझ्या समासात पेन्सिलीने नवे शब्द लिहिले. पाहुणे आले त्या दिवशी ती बोलत होती आणि मी तिच्यासमोर उघडा होतो. पेट्या जागेवर राहिल्या. वहिनींनी चहात दोन चमचे साखर घातली.

आज माझी पाठ उसवलीय. तिचा आवाज आला की अजून थोडं जळतं, खोटं कशाला बोलू? पण मीही नेम केलाय: माझ्यात कुणी चिठ्ठी ठेवली, तर त्याच दिवशी परत द्यायची. तुम्हीही करून बघा. कुणाच्या कामाची एखादी चिठ्ठी तुम्ही आवळून धरली असेल, तर ती सोडेपर्यंत चहा बिनसाखरेचा प्या.